चालू प्रोग्रॅमला डीबगर जोडताच येत नाही : 'ऑपरेशन नॉट परमिटेड' (उबुंटू, सी++)

फेज_थ्री | शुक्रवार, सकाळी १०:४०

नमस्कार मंडळी. दोन दिवस डोकं फोडून झालं, आता इथे येतोय.

हिंजवडीत बसून आम्ही चाकणच्या एका कारखान्यासाठी गेटवे लिहितो. मशीनचा डेटा गोळा करायचा आणि स्काडाला (कारखान्यावर नजर ठेवणारी प्रणाली) मॉडबस टीसीपीवर (मशीनांची नेटवर्क-भाषा) द्यायचा, एवढंच त्याचं काम. सी++ मध्ये आहे, उबुंटू २२.०४ वर चालतो, पीसी कारखान्यातल्या पॅनेलमध्येच बसवलाय. दोन-तीन दिवस सुरळीत चालतो आणि मग गप्प. क्रॅश नाही, लॉगमध्ये ओळ नाही, सीपीयू शून्य. रीस्टार्ट केला की पुन्हा शहाण्यासारखा वागतो. म्हणजे पुरावा गेला, आणि पुढचे तीन दिवस वाट बघत बसा.

काल रात्रीपासून तो तसाच अडकलाय आणि गणपतीमुळे कारखाना सोमवारपर्यंत बंद आहे, त्यामुळे कुणी घाईने रीस्टार्ट करणार नाही. अशी संधी पुन्हा मिळायची नाही. पण एसएसएचने दुरून लॉगिन करून डीबगर जोडायला 'जीडीबी -पी १८७३' (१८७३ हा गेटवेचा प्रोसेस क्रमांक, पीआयडी) दिलं की एकच उत्तर: पीट्रेस: ऑपरेशन नॉट परमिटेड.

गेटवे ज्या युजरखाली चालतो त्याच युजरने मी लॉगिन आहे. सुडो, म्हणजे रूट या सर्वाधिकारी युजरचा अधिकार, माझ्याकडे नाही. माझ्या लॅपटॉपवर हाच कोड, हाच जीडीबी, बिनतक्रार अटॅच होतो.

आणखी एक, संबंध असेल-नसेल: गेल्या आठवड्यात तिथेच गेटवे जीडीबीमधून सुरू करून पाहिला होता, तर ५०२ पोर्ट घेताना 'परमिशन डिनाइड' म्हणून पडला. सर्व्हिस म्हणून मात्र तोच पोर्ट बिनबोभाट घेतो.

(इथे रोमन लिहिलं की संपादक मंडळ कान पिळतं, म्हणून कमांडी देवनागरीत. टर्मिनलवर तुम्ही नीट लिहालच.)

---

कटिंग_चहा | १०:५२

सुडो लाव आणि मोकळा हो.

---

फेज_थ्री | १०:५५

चौथा परिच्छेद, दुसरं वाक्य.

---

कटिंग_चहा | १०:५६

वाचलं. मग ज्याच्याकडे सुडो आहे त्याला चहा पाज.

---

फेज_थ्री | ११:०१

ते सर गौरी-गणपतीला रत्नागिरीकडे गावी गेलेत. फोन लागला तर लागला.

---

मुठाकाठी | ११:२०

हा यामाचा, म्हणजे लिनक्स कर्नेलमधल्या सुरक्षा-कुलपाचा, प्रताप दिसतोय. 'कॅट /प्रॉक/सिस/कर्नेल/यामा/पीट्रेस_स्कोप' करून काय आकडा येतो ते सांग.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सविस्तर. जीडीबी काय किंवा प्रोग्रॅमचे सिस्टीम कॉल दाखवणारा एसट्रेस काय, दोघंही पीट्रेस या एकाच सिस्टीम कॉलच्या जिवावर चालतात. युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीपासूनचा, म्हणजे १९७५ चा, हा कॉल. जुना नियम सरळ होता: युजर एक असला की कुठलाही प्रोग्रॅम दुसऱ्या प्रोग्रॅमच्या पोटात हात घालू शकायचा. म्हणजे ब्राउझरमध्ये एखादी घाण शिरली, तर ती तुमच्या एसएसएच एजंटच्या मेमरीतल्या किल्ल्याही वाचणार. म्हणून उबुंटूने १०.१० मध्ये, २०१० साली, यावर कुलूप घातलं. पुढे २०१२ मध्ये यामा लिनक्सच्या मूळ कर्नेलमध्ये आला, ३.४ पासून.

आकड्यांचा अर्थ सोसायटीच्या भाषेत सांगतो. ० म्हणजे जुना वाडा, एका वाड्यातले सगळे एकमेकांच्या घरात. १ म्हणजे आई-बापाला पोराच्या फ्लॅटमध्ये शिरता येतं, शेजाऱ्याला नाही. (पोराने स्वतः गेटवर नाव देऊन ठेवलं असेल तर शेजारीही चालतो, त्यासाठी पीआरसीटीएल कॉल आहे.) २ म्हणजे फक्त सेक्रेटरी, अर्थात रूट किंवा ज्याच्याकडे सिस_पीट्रेस क्षमता (रूटच्या अधिकारांचा एक सुटा तुकडा) आहे तो. ३ म्हणजे कुणीच नाही, आणि एकदा ३ केलं की मशीन रीबूट केल्याशिवाय खालीही आणता येत नाही.

उबुंटूत मुळात १ असतो. जीडीबीने स्वतः सुरू केलेला प्रोग्रॅम हा त्याचं पोर, म्हणून तो चालतो. आधीपासून चालू असलेला प्रोग्रॅम हा शेजारी. तुझ्या लॅपटॉपवर तू कधीतरी ० करून विसरला असशील.

---

फेज_थ्री | ११:३४

काका, अगदी बरोबर. लॅपटॉपवर ० आहे, तिथे १. सरांना फोन लावतोय.

---

फेज_थ्री | दुपारी १२:५०

सर मिळाले. आंगणात एका कोपऱ्यात रेंज येते म्हणे, तिथे उभं राहून मोबाइलच्या हॉटस्पॉटवर लॅपटॉप जोडला आणि ० करून दिलं. सुडो मात्र द्यायला तयार नाहीत, आणि ते बरोबरच आहे.

मी स्वतः कॅट करून पाहिलं, ० दिसतो. जीडीबी पुन्हा चालवला. तेच. ऑपरेशन नॉट परमिटेड. खाली जीडीबीचा तोच सल्ला, की बाबा पीट्रेस_स्कोप तपास. अरे तपासला ना!

---

बग_बहाद्दर | १:०५

त्या सल्ल्यावर फार जाऊ नकोस. कर्नेल जीडीबीला फक्त 'नाही' एवढंच सांगतो, का नाही ते सांगत नाही. मग जीडीबी आपला नेहमीचा अंदाज छापतो.

दुसरा संशयित: आधीच कुणीतरी जोडलेलं आहे. एका प्रोसेसला एका वेळी एकच ट्रेसर. 'ग्रेप ट्रेसरपीआयडी /प्रॉक/१८७३/स्टेटस' कर. शून्याशिवाय काही आलं तर तो आकडा म्हणजे आधी बसलेल्या पाहुण्याचा पीआयडी.

माझ्या बाबतीत एकदा मीच पाहुणा निघालो होतो. आदल्या दिवशी स्क्रीनच्या सेशनमध्ये एसट्रेस लावून ठेवला आणि कर्वे रोडच्या ट्रॅफिकला शिव्या देत घरी गेलो. दुसऱ्या दिवशी अर्धा दिवस जीडीबीला शिव्या. जीडीबी बिचारा वरच्याच ओळीत सांगत होता की ही प्रोसेस अमुक पीआयडीने आधीच ट्रेस होतेय, पण आपण वाचतो फक्त शेवटची ओळ.

---

फेज_थ्री | १:१२

ट्रेसरपीआयडी ०. आणि जीडीबीत वरती तशी ओळही नाही, आता नीट पाहिलं.

---

डॉकरवाली | १:१५

कंटेनरमध्ये आहे का? डॉकर कंटेनरला सिस_पीट्रेस क्षमता मुळात मिळत नाही, ती कॅप-ॲड करून द्यावी लागते. शिवाय जुन्या कर्नेलवर, म्हणजे ४.८ च्या आधी, डॉकरचं सेककॉम्प प्रोफाइल (सिस्टीम कॉलची चाळणी) पीट्रेस कॉलच अडवतं.

---

फेज_थ्री | १:१७

नाही ताई, साधी सिस्टीमडी सर्व्हिस आहे. कंटेनर वगैरे नाही.

---

अर्धं_सफरचंद | १:३०

मॅकवर मलाही हाच त्रास आहे. जीडीबी ब्रूने टाकला, अटॅच होत नाही.

---

मुठाकाठी | १:४१

मॅकचं दुखणं वेगळं. तिथे दुसऱ्या प्रोसेसचा ताबा मागणारा डीबगर सही केलेला म्हणजे कोडसाइन केलेला लागतो. ॲपलचा एलएलडीबी आधीच सहीचा असतो, तो वापर. ॲपल सिलिकॉनवर तर मॅकचेच प्रोग्रॅम जीडीबीने डीबग करायचा नाद सोड. आणि सिस्टीमबरोबर आलेल्या प्रोग्रॅमना हात लावायला जात असशील, तर २०१५ च्या एल कॅपिटनपासून सिप (ॲपलचं सिस्टीम-संरक्षण) आडवा येतो. बाकी वेगळा धागा काढ, याचा बिचाऱ्याचा गेटवे अडकलाय.

---

जावाजीराव | २:०५

आमच्याकडे असलं काही नसतं. जेडीडब्ल्यूपीचा (जावाच्या डीबग प्रोटोकॉलचा) एक पर्याय देऊन पोर्ट उघडायचा आणि कुठूनही जोडायचं.

---

डॉकरवाली | २:११

कुठूनही? जावा ९ पासून ॲड्रेसमध्ये नुसता ५००५ लिहिला तर तो फक्त लोकलहोस्टवर ऐकतो. बाहेरून जोडायचं तर आधी चांदणी आणि कोलन लावून ५००५ लिहावं लागतं. आणि तसं लिहिलं की नेटवर्कवरचा कुणीही तुमच्या जेव्हीएममध्ये हवा तो कोड चालवू शकतो, हे विसरू नये. जेस्टॅकची (चालू जावा प्रोग्रॅमचे थ्रेड दाखवणारं साधन) गंमत तर आणखी वेगळी. जेव्हीएम /टीएमपी मध्ये एक सॉकेट फाइल ठेवतं. जुन्या जावात रात्रीच्या साफसफाईत ती उडाली की दुसऱ्या दिवशी जेस्टॅकला कुणी ओ देत नाही.

---

जावाजीराव | २:१४

ताई, एवढं मनावर घेऊ नका. चांदणी लावतो.

---

धडाधड | २:२०

एवढा घोळ कशाला? 'किल -एबीआरटी १८७३' मार, कोअर फाइल (प्रोसेसच्या मेमरीची नक्कल) पडेल, ती घरी नेऊन निवांत बघ. मी नेहमी असंच करतो.

---

फेज_थ्री | २:२४

हे चालेल असं वाटतंय. कोअर म्हणजे सगळे थ्रेड जिथे होते तिथे मिळतील ना? करतोच.

---

निवृत्त_सिस्टीमवाला | २:२६

थांब. करू नकोस.

सविस्तर लिहितो, पण आधी उत्तर दे की अजून मारलं नाहीस.

---

फेज_थ्री | २:२७

नाही मारलं. कमांड लिहून झाली होती, एंटर बाकी होतं.

---

निवृत्त_सिस्टीमवाला | २:५०

वाचलास. मला जी शंका आहे ती खरी असेल तर कोअर पडणारच नाही, किंवा पडली तरी रूटच्या मालकीची असेल, तुला उघडता येणार नाही. प्रोसेस तेवढी मरेल. तीन दिवस पाण्यात.

तुझ्या पहिल्या पोस्टमध्ये शेवटी 'संबंध असेल-नसेल' म्हणून जे लिहिलंस, तिथेच सगळं आहे. इतक्या लोकांनी त्यावरून नजर फिरवली, मीही सकाळी फिरवली.

५०२ हा १०२४ च्या आतला पोर्ट. साध्या युजरला तो मिळत नाही. तरी तुमची सर्व्हिस साध्या युजरखाली चालून तो घेते. म्हणजे कुणीतरी बायनरीला सेटकॅप करून, म्हणजे त्या फाइलीलाच जादा क्षमता चिकटवून, ठेवलंय. आता या तीन गोष्टी बघ, सुडो लागत नाही:

'गेटकॅप' त्या बायनरीवर.
'ग्रेप कॅप /प्रॉक/१८७३/स्टेटस'.
'एलएस -एल /प्रॉक/१८७३/' आणि मालकाचा रकाना नीट वाच.

---

फेज_थ्री | ३:०४

हे घ्या.

गेटकॅप: कॅप_नेट_बाइंड_सर्व्हिस=ईपी.

स्टेटसमध्ये कॅपपीआरएम आणि कॅपईएफएफ दोन्हीत पंधरा शून्यांच्या मधोमध कुठेतरी एक ४ आहे. शेवटून ४००.

आणि हे मला कळत नाहीये: प्रोसेस माझ्या युजरची, पीएसमध्ये माझंच नाव दिसतं, /प्रॉक मध्ये १८७३ नावाच्या फोल्डरचा मालकही मीच. पण आत गेलो की सगळ्या फाइलींपुढे रूट रूट. ईएक्सई ची लिंक वाचायला गेलो तर परमिशन डिनाइड. माझ्याच घराच्या खोल्या दुसऱ्याच्या नावावर!

---

निवृत्त_सिस्टीमवाला | ३:३०

हेच पाहायचं होतं. ते सोळा आकडी ४०० (हेक्स) म्हणजे शून्यापासून मोजून दहावा बिट, आणि दहावी क्षमता म्हणजे नेट_बाइंड_सर्व्हिस.

आता काय होतं ते बघ. सेटकॅप लावलेली फाइल सुरू होताना प्रोसेसला अशी ताकद मिळते जी तिला सुरू करणाऱ्याकडे नव्हती. तिथे कर्नेल सावध होतो आणि प्रोसेसवरचा 'डंपेबल' हा शिक्का काढून घेतो. शिक्का गेला की /प्रॉक मधल्या तिच्या फाइली रूटच्या होतात, कोअर नीट पडत नाही, आणि त्याच युजरच्या डीबगरलाही दार बंद. ही तपासणी यामाच्या आधी होते. म्हणून पीट्रेस_स्कोप ० करा नाहीतर आणखी काही, तिथपर्यंत गाडी पोचतच नाही. शिवाय दुसरं कुलूप: समोरच्याकडे असलेल्या सगळ्या क्षमता जोडणाऱ्याकडेही असाव्या लागतात. तुझ्या जीडीबीकडे एकही नाही.

यामागचा विचार योग्य आहे. नाहीतर मी तुझ्या गेटवेला जोडून त्याच्याकडून वाटेल तो पोर्ट घेववला असता. ताकद त्याची आणि डोकं माझं.

जीडीबीमधून सुरू केल्यावर पोर्ट का मिळत नव्हता, ते आता उलट बाजूने लागतं. डीबगर आधीच बसलेला असताना सेटकॅपवाली फाइल सुरू झाली, तर कर्नेल म्हणतो, पाहुणा आत आहे, ताकद देत नाही. प्रोग्रॅम चालतो, क्षमता मिळत नाही, ५०२ वर आपटतो. दोन तक्रारी नव्हत्याच.

लॅपटॉपवर का चालतं? तिथे ताजी बिल्ड असते. सेटकॅप फाइलीच्या विस्तारित गुणधर्मात बसतं, नव्या बिल्डमध्ये ते नसतं. आणि तू तिथे ५०२ वापरत नसणार.

---

फेज_थ्री | ३:३८

लॅपटॉपवर १५०२ वापरतो. काका, तुम्ही माझ्या मागे उभे आहात का?

आमच्या इन्स्टॉल स्क्रिप्टच्या तळाशी सेटकॅपची एक ओळ आहे, आत्ता सापडली. ज्याने लिहिली तो नोकरी सोडून गेला. शेजारी शेरा: 'याशिवाय चालत नाही'.

---

बग_बहाद्दर | ३:४५

वा! वाचनखूण साठवली. आजवर मी डंपेबल म्हणजे फक्त कोअर फाइलीपुरतं समजत होतो.

बायनरीवर नुसती चालवायची परवानगी असेल आणि वाचायची नसेल, तरी हेच होतं ना?

---

निवृत्त_सिस्टीमवाला | ३:५२

हो. वाचता न येणारी फाइल चालवली तरी शिक्का जातो. नाहीतर मेमरीतून वाचून घेतली असती.

---

डॉकरवाली | ४:०५

मग पुढे काय करावं? सिस्टीमडीमध्ये ॲम्बियंटकॅपॅबिलिटीज देऊन (सर्व्हिस सुरू करतानाच क्षमता देऊन) सेटकॅप काढलं तर?

---

निवृत्त_सिस्टीमवाला | ४:२०

अर्धंच सुटेल. शिक्का राहील, पण प्रोसेसकडे क्षमता असेलच, म्हणजे दुसरं कुलूप तसंच. प्रोसेसला क्षमता लागूच नये असं करायला हवं. सिस्टीमडीने स्वतः सॉकेट उघडून हातात द्यावं, हा माझ्या मते सगळ्यात स्वच्छ मार्ग, पण कोडमध्ये थोडा बदल लागतो. किंवा प्रोग्रॅम १५०२ वर ठेवून फायरवॉलमध्ये ५०२ चं तोंड तिकडे वळवायचं. किंवा कर्नेल ४.११ पासून आयपी_अनप्रिव्हिलेज्ड_पोर्ट_स्टार्ट नावाची सेटिंग आहे, तिथे ५०२ लिहिलं की ५०२ पासून पुढचे पोर्ट सगळ्यांना मोकळे. एकट्या कामाच्या पॅनेल पीसीवर मला ते चालेल. दहा लोक लॉगिन करतात अशा सर्व्हरवर मी करणार नाही.

पण हे सगळं पुढच्या वेळचं. आजच्या अडकलेल्या प्रोसेससाठी रूटच लागेल. तुझ्या सरांना पुन्हा आंगणात बोलाव. त्यांना फार काही करायचं नाही, जीडीबी बॅच मोडमध्ये, 'थ्रेड अप्लाय ऑल बीटी' (प्रत्येक थ्रेड कुठे उभा आहे ते छापायचं), आउटपुट फाइलीत. चार-पाच सेकंदांचं काम. बॅच मोड संपला की जीडीबी आपोआप सुटतो.

---

बग_बहाद्दर | ४:२६

बॅच मोडला +१. एकदा चालू सर्व्हरला हाताने अटॅच झालो आणि तेवढ्यात फोन आला म्हणून उठलो. अटॅच म्हणजे सगळे थ्रेड जागच्या जागी थांबलेले. हेल्थ चेकने तीनदा हाक मारली आणि मेला समजून रीस्टार्ट केला.

---

कटिंग_चहा | ४:३०

याचा आधीच थांबलेला आहे. अजून काय थांबणार?

---

फेज_थ्री | संध्याकाळी ७:१०

झालं!

सर आरतीच्या आधी दहा मिनिटं आले. मी फोनवर कमांड अक्षर-अक्षर सांगितली, मागे टाळ-झांजा वाजत होत्या. पहिल्या फेरीत नुसती प्रश्नचिन्हं आली, कारण तिथली बायनरी स्ट्रिप केलेली, म्हणजे फंक्शनांची नावं काढून टाकलेली. बिल्ड सर्व्हरवरून डीबग फाइल शोधली, बिल्ड आयडी जुळतो का पाहिला (जुळला, नशीब), ती पाठवून दुसरी फेरी.

चौदा थ्रेड. बारा जण आपापल्या जागी नीट झोपलेले. दोघे मात्र एलएलएल_लॉक_वेट मध्ये, म्हणजे कुलपाची वाट बघत. एक पोलिंगचा, एक कॉन्फिग पुन्हा वाचणारा. मग सरांकडून त्या दोन म्यूटेक्सचे (कुलपांचे) आतले ओनर छापून घेतले. पहिल्याचा ओनर १८८०, म्हणजे कॉन्फिगवाला. दुसऱ्याचा १८७९, म्हणजे पोलिंगवाला. पोलिंगवाल्याने टेबलचं कुलूप धरलंय आणि लॉगचं मागतोय. कॉन्फिगवाल्याने लॉगचं धरलंय आणि टेबलचं मागतोय. 'आधी तू, आधी तू' करत काल रात्रीपासून दोघं उभे.

कॉन्फिग फाइल बदलली तरच तो थ्रेड जागा होतो, आणि प्लांटवाले दोन-तीन दिवसांनी एखादा रजिस्टर वाढवतात. म्हणून दोन-तीन दिवस. लॅपटॉपवर कॉन्फिग बदलायला कोण बसलंय?

दोन्ही कुलपं आता एका स्कोप्ड_लॉकमध्ये घेतोय, म्हणजे क्रमाचा प्रश्न राहणार नाही. सोमवारी ५०२ चंही बघतो, फायरवॉलमधून वळवायचं ठरतंय.

काका, २:२६ ला तुम्ही लिहिलं नसतं तर मी एंटर मारलं होतं.

---

धडाधड | ७:१८

मी काही वाईट हेतूने सांगितलं नव्हतं.

---

फेज_थ्री | ७:२०

नाही हो, माहितेय.

---

मुठाकाठी | ७:३२

सगळं छान झालं. पण दुपारी पीट्रेस_स्कोप ० करून घेतलं होतं, त्याचा तर काहीच उपयोग झाला नाही. ते परत १ केलंत का?

---

फेज_थ्री | ७:३४

...

---

फेज_थ्री | रात्री ९:०५

आरती, प्रसाद, जेवण झाल्यावर सर पुन्हा आंगणात गेले. १ केलं.